जरा कळ काढ

डिसेंबर 2022 मध्ये लोकलच्या ग्रुपवर मी "पिशवी काढली" एवढंच टाकलं, तर तासाभरात तिघींचे फोन. "अगं, कॅन्सर तिकडेही पसरला का?" मराठीत बाईची पिशवी काढली म्हणजे गर्भपिशवीच, दुसरी कुठली पिशवी आपल्याला ठाऊकच नसते. माझी पोटावर चिकटवलेली होती. बेंबीच्या उजवीकडे लहान आतड्याचं तोंड बाहेर काढलेलं, पिकल्या टोमॅटोसारखं लाल आणि कायम ओलं, आणि त्यावर ती पिशवी. सात महिने ती घेऊन मी डोंबिवलीत वावरले. भरली की रिकामी करायची, चार दिवसांनी बदलायची. कडेने गळली की कातडी भाजल्यासारखी होई, कारण लहान आतड्यातला रस कातडीलाही अन्नच समजतो. उन्हाळ्यात मीठ-साखर-पाणी पीत बसायचं. तिचा मला इतका राग होता की ती निघाली त्या दिवशी नवऱ्याने वॉर्डातल्या सिस्टरांपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळ्यांना पेढे वाटले.

घरी आले त्या रात्री मी एकोणीस वेळा संडासला गेले.

ही अतिशयोक्ती नाही, मोजलंय. मुलाची गणिताची जुनी वही बाथरूमबाहेरच्या वॉशिंग मशीनवर ठेवली होती, तिच्यात रेघा ओढत होते. चार उभ्या, पाचवी तिरकी, धोब्याच्या हिशेबासारखं. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं, "नॉर्मल डाएट". सर्जन भला माणूस. राउंडला खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, "थोडे दिवस मोशन जास्त होतील." हे थोडे दिवस आता तिसऱ्या वर्षात आहेत.

आधीचं थोडक्यात सांगते, कारण ती गोष्ट सगळ्यांची सारखीच असते. शौचातून रक्त जायचं. एका दवाखान्यात मूळव्याध ठरली. मलम, काढा, तिखट बंद, असं करत आठ महिने गेले. कुणी बोट घालून तपासलं नाही आणि मीही तपासा म्हटलं नाही, कारण मलाही ते नकोच होतं. शेवटी दुर्बीण घातली तेव्हा गाठ गुदद्वारापासून 6 सेंटीमीटरवर. (रक्त जातंय आणि अजून कुणी बोट घालून पाहिलेलं नाही, असं असेल तर हे वाचणं इथेच थांबवा आणि अपॉइंटमेंट घ्या. लेख कुठे पळून जात नाही.) मग सोमवार ते शुक्रवार असे पाच आठवडे, 25 वेळा किरणं आणि सोबत गोळ्या. मग काही आठवडे थांबणं, मग ऑपरेशन, मग चार महिने केमो. कॅन्सर गेला. दर सहा महिन्यांचे रिपोर्ट स्वच्छ येतात. ज्याच्यासाठी एवढं केलं ते झालं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढची कुरकूर कृतघ्नपणाची वाटणार नाही.

कुरकूर एका अवयवाबद्दल आहे. त्याचं नावही मी सेहेचाळीस वर्षांत कधी उच्चारलं नव्हतं. मलाशय.

रिपोर्टवर इंग्रजी नाव होतं. मराठी नाव मी नंतर शोधलं आणि त्यातल्या 'आशया'वर अडकले. जलाशय, मूत्राशय, गर्भाशय, मलाशय. आशय म्हणजे जिथे काही येऊन विसावतं, साठून राहतं ती जागा. लेखाचा आशय म्हणतो तोही हाच शब्द. म्हणजे मलाशय ही काही नुसती नळी नाही. जेमतेम बारा ते पंधरा सेंटीमीटरचं थांबायचं ठिकाण आहे ते, एसटी स्टँडवरच्या बाकासारखं. वरून माल आला की ते पसरतं, सैल होतं, "बस जरा" म्हणतं. त्यात काही उतरलं की गुदद्वाराचा आतला स्नायू क्षणभर सैल होतो, आलेला ऐवज तिथल्या नाजूक कातडीला टेकतो आणि नसा ओळखतात की हा नुसता वारा आहे, पातळ आहे की घट्ट. वारा असेल तर आजूबाजूला कोण आहे ते बघून सोडायचा, बाकी काही असेल तर परत वर ढकलायचं. हे दिवसभर, आपल्या नकळत, मीटिंगमध्ये आणि देवळात चालू असतं. माझं ते ठिकाण गाठीसकट काढून टाकलं आणि वरचं मोठं आतडं खाली ओढून गोल स्टेपलरने गुदद्वाराच्या जरा वर जोडलं. आतड्याला ढकलणं एवढंच ठाऊक. थांबवणं हे त्याचं कामच नाही. त्यात किरणांनी खालचा भाग कडक झालेला आणि ओळखणाऱ्या नसा अर्ध्यामुर्ध्या. वारा सरणार असं वाटतं आणि तो वारा नसतो.

मी लहानपणी लालबागच्या चाळीत वाढले. मजल्यावर गॅलरीच्या टोकाला चार संडास आणि घरं वीस-बावीस. सकाळी हातात टमरेल घेऊन रांग. पुरुष पेपर वाचत उभे, आम्ही मुलं पायांची अढी घालून. "आई, लागलीये" म्हटलं की आईचं ठरलेलं उत्तर, "जरा कळ काढ." कळ हा काय शब्द आहे बघा. पोटात येते तीही कळ आणि सोसायची तीही कळ. विजेची दाबतो ती कळ, भांडण लावणारा लावतो तीही कळ. त्या चाळीत पन्नास माणसं रोज सकाळी तासभर कळ काढत उभी असायची आणि कुणाला त्यात काही विशेष वाटायचं नाही. माझं आज जे बिघडलंय ते एवढंच आहे. मला कळ काढता येत नाही. कळ येते तिथून माझ्या हातात दीड मिनिट असतं, कधी तेवढंही नाही.

दीड मिनिट म्हणजे किती, हे लोकलमध्ये कळतं.

मुंबईच्या लोकलला संडास नसतो. साध्या गाडीला नाही, एसीलाही नाही. वीस वर्षं मी डोंबिवलीहून फास्ट पकडून फोर्टला गेले, ही गोष्ट कधी मनातही आली नव्हती. फास्ट डोंबिवलीहून सुटली की ठाण्यापर्यंत जवळजवळ वीस मिनिटं. पुढे ठाणे ते घाटकोपर पुन्हा तसंच. पूर्वी तेवढ्या वेळात आमच्या ग्रुपमधली एक मटार सोलायची. मार्च 2023 मध्ये कामावर रुजू झाले तेव्हा पहिले तीन दिवस नीट गेले, कारण पोटात काही नव्हतं. चौथ्या दिवशी सासूबाईंनी "उपाशी नको जाऊस" म्हणून अर्धी वाटी उपमा खायला लावला. अन्न पोटात पडलं की मोठं आतडं जागं होतं, हे सगळ्यांचंच होतं. सकाळचा चहा प्यायल्यावर लागते ती त्यामुळेच. तुमच्याकडे त्याला अडवायला आशय असतो. ठाणं सुटल्यावर मला पहिली कळ आली. दांड्याला धरलेला हात घामाने निसटायला लागला. नाहूर गेलं, भांडुप गेलं, फलाट समोर येत होते आणि गाडी शिट्टी मारत पुढे चालली होती. पुढचं सांगत नाही. घाटकोपरला उतरले, ओढणी कमरेला गुंडाळली आणि डोंबिवलीची परतीची गाडी पकडली. वाटेत कोणी नाक मुरडलं की नाही ते मी पाहिलं नाही, मी दाराशी बाहेर तोंड करून उभी होते. घरी येऊन सासूबाईंना म्हटलं, ऑफिसला सुट्टी होती, माझ्या लक्षातच नव्हतं.

तेव्हापासून मी स्लोने जाते. डोंबिवली ते सीएसएमटी मध्ये बावीस थांबे, कोपरपासून मशीदपर्यंत. ग्रुप सुटला. ज्या गाडीला आम्ही वीस वर्षं नावं ठेवली, तीत आता मला दर तीन-चार मिनिटांनी एक फलाट मिळतो. कुठल्या स्थानकात संडास कुठल्या टोकाला आहे, कुठे पूल चढावा लागतो, कुठे सकाळी कुलूप असतं, कुठे कमोड आहे आणि कुठे आतून कडी लागत नाही, हा नकाशा माझ्या डोक्यात आहे. मी कुठल्या डब्यात चढते तेही त्यावरच ठरतं. एका स्थानकातल्या मावशी मला ओळखतात. पहिल्यांदा गेले तेव्हा त्या टेबलाशी बसून सुट्ट्यांचे ढीग लावत होत्या. मी पाचशेची नोट फेकली आणि पळत आत गेले. पंचवीस मिनिटांनी बाहेर आले तर नोट तशीच टेबलावर, वर पेपरवेट म्हणून फिनेलची बाटली. "सुट्टे नंतर द्या," म्हणाल्या. "माझ्या बहिणीला पण असंच व्हतं, शुगरचं." मी कॅन्सर म्हटलं नाही. शुगरवर भागत होतं तर भागू दिलं. आता मी जिन्यावरून उतरताना दिसले की त्या कोपऱ्यातल्या दाराशी बादली सरकवून ठेवतात.

पंचवीस मिनिटं का, असं कुणीही विचारील. कारण एकदा जाऊन भागत नाही. जरा होतं, वाटतं संपलं, कपडे नीट करून, हात धुऊन बाहेर यावं तो पुन्हा. मग पुन्हा. तासाभरात चार-पाच वेळा, हप्त्याहप्त्याने. आणि शेवटी जे राहिलंय असं वाटत असतं ते कधीकधी नसतंच, नसा उगाच निरोप देत असतात. पाण्याने धुऊन धुऊन कातडी सोलवटते. कागद चालत नाही, जेट स्प्रे झोंबतो. मऊ जुन्या धोतराचे तुकडे, टिपून घ्यायचं, पुसायचं नाही. वर झिंकचं मलम, नाहीतर सरळ खोबरेल. हे मला डॉक्टरांनी नाही, पिशवीच्या सिस्टरांनी शिकवलं. स्टोमा केअर सिस्टर असं त्यांचं पद, पण पिशवी निघाल्यावरही आम्ही त्यांच्याकडेच जातो, कारण ओपीडीत ज्याबद्दल बोलायला दोन मिनिटं मिळतात त्याबद्दल तिथे अर्धा तास बोलता येतं.

बोलायचं कुठल्या शब्दात, हाही प्रश्नच आहे. लहान मुलाला शी होते, सरकारी पाटीवर शौच असतं, रिपोर्टात मल असतो. आजोबा परसाकडे जायचे, आजी बहिर्दिशेला. पोट साफ होतं, घाईची लागते, दोन नंबरला जायचं असतं. धडधाकट मोठ्या माणसाने दुसऱ्या मोठ्या माणसाला सरळ डोळ्यांत बघून सांगावा असा एक साधा शब्द आपल्याकडे नाही. म्हणून हॉस्पिटलात सगळे, अगदी गडचिरोलीहून आलेली आजीसुद्धा, 'मोशन' म्हणतात. इंग्रजी म्हणून नव्हे, तो कुणाचाच शब्द नाही म्हणून.

आमच्या कोपऱ्यावरचा केमिस्ट एकदा गोंधळला. मी इसबगोलाचा मोठा डबा आणि लोपरामाइडच्या दोन स्ट्रिप एकदम मागितल्या. "काकू, एक चालू व्हायला आणि एक बंद व्हायला?" त्याचं बरोबर होतं. आपल्याकडे इसबगोल म्हणजे बद्धकोष्ठाचं औषध, रात्री पेलाभर पाण्यातून. पण तोच भुसा अगदी थोड्या पाण्यातून घेतला आणि वर तासभर काही प्यायलं नाही, तर आतलं पाणी शोषून पातळाला बांधून ठेवतो. माझं भात, केळं, साबुदाणा, ताक-भात यांच्यावर बरं चालतं. कोबी, फ्लॉवर, मटकीची उसळ ही फक्त रविवारी, आणि तीही कुठे जायचं नसेल तर. मिसळ दोन वर्षांत एकदा खाल्ली. त्या दिवसाबद्दल मला पश्चात्ताप नाही.

लग्नाला जाणं मी जवळजवळ सोडलंय. पंगतीत बसलं की मधून उठायचं नाही, हा आपला नियम. त्यात शेजारी आग्रहाला उभी असलेली नवऱ्याची मामी. "अगं, घे की, एका जिलबीने काय होतंय!" एका जिलबीने काय होतं ते मी तिला सांगू शकत नाही. मग बुफे असेल तिथेच जाते, दाराजवळची खुर्ची धरते आणि अक्षता पडल्या की निघते. लोक म्हणतात, आजारपणानंतर फार तुसडी झाली.

गौरींचं मात्र वेगळं झालं. आमच्याकडे नैवेद्याचा स्वयंपाक सोवळ्यात, आणि सासूबाईंच्या नियमाने मध्ये संडासला गेलं की पुन्हा अंघोळ. त्या वर्षी मी आधीच सांगून टाकलं, मला जमणार नाही, दुपारपर्यंत पाच अंघोळी होतील. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पुरण शिजत असताना मी उठले, परत आले आणि सवयीने नळाकडे वळले, तर त्या पाटावरून म्हणाल्या, "पाय धुऊन ये, झालं. गौरी माहेरवाशीण आहे, तिला काय आतडी नसतात?" अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईने आयुष्यभराचं सोवळं पुरणाच्या एका घाण्यात बाजूला ठेवलं. मी ते पुरण जरा जास्तच घोटलं त्या दिवशी.

आता पाच प्रश्नांबद्दल.

एक वर्षाने ओपीडीत एका निवासी डॉक्टर मुलीने माझ्याकडून एक फॉर्म भरून घेतला. इंग्रजी होता, ती तोंडाने मराठी करत होती. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की या सगळ्याला नाव आहे. लार्स. या ऑपरेशनच्या नावावरूनच ठेवलेलं, लो अँटिरिअर रिसेक्शन सिंड्रोम. मला वाटत होतं मी एकटीच बिघडलेली आहे, आणि इथे त्याचा छापील फॉर्म निघाला. डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी 2012 साली तो प्रसिद्ध केला. प्रश्न पाचच. वारा आवरत नाही असं होतं का? पातळ गळतं का? दिवसातून किती वेळा? जाऊन आल्यावर तासाभरात पुन्हा जावं लागतं का? आणि धावत सुटावं लागेल अशी घाई होते का? उत्तरांना गुण आहेत, एकूण 42. वीसपर्यंत काही नाही, 21 ते 29 सौम्य, 30 आणि त्याच्या वर तीव्र.

मी हिशेबाच्या खात्यात काम करते, त्यामुळे मी प्रश्नांपेक्षा गुण बघत बसले. दिवसातून सातपेक्षा जास्त वेळा जाण्याला फक्त 4 गुण. गळण्याला 3. माझ्या वहीतल्या त्या सगळ्या रेघा, रात्रीचे ते एकोणीस फेरे, सगळे मिळून चार. पण तासाभरात पुन्हा जाण्याला 11 आणि घाईला 16. मला वाटलं छापताना चूक झाली. तर नाही. हे गुण डॉक्टरांनी मनाने दिलेले नाहीत. ऑपरेशन झालेल्या शेकडो माणसांना विचारलं, तुमच्या जगण्यावर कशाचा किती परिणाम होतो, आणि त्यातून हे वजन निघालं. पुढे याच विषयातल्या तज्ज्ञांनाही अंदाज करायला लावला, रुग्णांना कशाचा त्रास जास्त होत असेल? त्यांनी किती वेळा आणि किती गळतं यांना जास्त महत्त्व दिलं, घाईला आणि हप्त्याहप्त्याने होण्याला कमी लेखलं. म्हणजे डेन्मार्कातल्या कुणा बाईलाही तेच छळत होतं जे मला भांडुप आणि कांजूरच्या मध्ये छळलं. कितीदा जावं लागतं याचं नाही, थांबता येत नाही याचं दुःख. तिच्या भाषेत कळ काढण्याला काय म्हणतात कोण जाणे.

माझे पहिले गुण 41. एक गुण राहिला तो रोज एकदाही न जाणाऱ्यांसाठी राखीव आहे, त्यांना 4 ऐवजी 5 मिळतात. तेवढंच माझ्या पदरात नव्हतं.

हे बरं होतं का, तर पहिलं वर्ष-दीड वर्ष सुधारतं, मग बरंचसं तिथेच राहतं. नेदरलँड्समध्ये नव्वदच्या दशकात एक मोठी चाचणी झाली होती. तिच्यातल्या माणसांना सुमारे 14 वर्षांनी हेच पाच प्रश्न विचारले, तर 46 टक्के 'तीव्र'मध्ये निघाले. किरणं घेतलेल्यांत 56 टक्के, न घेतलेल्यांत 35. मी हे आकडे वाचून चिडले नाही. माझी किरणं चुकीची नव्हती, गाठ तशी होती. चिडले ते एवढ्यासाठी की हे आकडे असताना मला "थोडे दिवस" सांगितलं गेलं. "चौदा वर्षांनीही राहील कदाचित, पण त्यावर उपाय आहेत" असं म्हटलं असतं तर मी ऑपरेशन नको म्हटलं असतं का? नाही. फक्त पेढे जरा जपून वाटले असते.

सर्जनांची बाजूही मला आता थोडी समजते. 1908 मध्ये लंडनच्या माइल्स नावाच्या सर्जनने या कॅन्सरचं ऑपरेशन बसवलं त्यात गुदद्वारासकट सगळं काढून पोटावर कायमची पिशवी, दुसरा रस्ताच नव्हता. गोल स्टेपलर आला, 1982 मध्ये इंग्लंडच्या हील्डने मलाशयाभोवतीचं चरबीचं वेष्टण अखंड सोडवून काढायचं तंत्र मांडलं आणि गाठ त्याच जागी परत येण्याचं प्रमाण झपाट्याने घटलं. ब्राझीलच्या डॉ. अँजेलिता हाबर-गामा तर त्याही पुढे गेल्या. किरणं-केमोने गाठ पूर्ण विरघळलेल्यांना त्या कापतच नाहीत, नजर ठेवतात. माझी विरघळली नाही. तर एवढ्या शतकाच्या खटाटोपानंतर एखाद्या बाईचं गुदद्वार वाचवता आलं तर सर्जनला ती बाजी मारल्यासारखी वाटणारच. फक्त बाजी कुणी मारली, हे जिन्यावरून पळणाऱ्याला विचारायला हवं.

किरणांच्या रांगेत सोलापूरकडचे एक काका भेटायचे. शेतकरी, तोंडाने फटकळ. त्यांचीही पिशवी माझ्या आगेमागे निघाली. दीड वर्षाने ओपीडीत भेटले तर सदरा वर करून दाखवला, डावीकडे पिशवी. मला धस्स झालं, परत आला की काय. तर म्हणाले, "मागून घेतली. भांडून." डॉक्टर म्हणत होते, इतकं वाचवलंय, कशाला. यांचं म्हणणं, वाचवलेलं घेऊन मी चोवीस तास परसात बसलोय, शेत कोण बघणार? आता ते शेतात जातात आणि आषाढीला पंढरपूरच्या दर्शनबारीत रात्रभर उभे होते. "पिशवीला बारी कळत न्हाई ताई, ती निवांत भरती."

मी त्या दिवशी घरी येऊन माझ्या जुन्या, शिल्लक राहिलेल्या पिशव्यांचा खोका माळ्यावरून काढून बघितला आणि परत ठेवला. माझं अजून तिथवर आलेलं नाही. पण पिशवी म्हणजे हार आणि तिच्याशिवाय म्हणजे जीत, हे माझ्या डोक्यातून गेलं ते त्या काकांमुळे. नंतर वाचलं की वैद्यकीय अभ्यास पडताळून पाहणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या जाणकारांनी दोन्ही तऱ्हेच्या रुग्णांवरचे अभ्यास एकत्र तपासले होते, 2012 च्या त्यांच्या आढाव्यातही गुदद्वार वाचलेल्यांचं जगणं पिशवीवाल्यांपेक्षा चांगलं असतं असा ठाम निष्कर्ष त्यांना काढता आला नाही. मुंबईत ऑस्टोमी असोसिएशन आहे, पिशवीवाल्यांनीच चालवलेली. पिशवी असताना सात महिने मी लाजेने तिकडे फिरकले नाही. मूर्खपणा.

मला स्वतःला ज्याने हात दिला ती गोष्ट म्हणजे पाणी. कोन बसवलेली नळी, उंचावर टांगलेली पिशवी (ही तिसरी पिशवी), अर्धा ते एक लिटर कोमट पाणी, खालून आत. एक दिवसाआड पहाटे पाच वाजता, पाऊण तास. आतडं खालून रिकामं झालं की वरून माल यायला वेळ लागतो, आणि तेवढे तास माझे. हे सिस्टरांनी समोर बसवून शिकवलं. स्वतःच्या मनाने, पुस्तकात बघून करण्याची गोष्ट नाही, जोड फाटू शकतो. माझी आई ऐकून म्हणाली, "म्हणजे बस्तीच की!" तिला मोठा आनंद झाला, जणू तिच्या आजीनेच शोध लावला. फिजिओथेरपिस्ट मुलीने खालचे स्नायू आवळायला शिकवलं. दहा मोजेपर्यंत आवळायचं, सोडायचं, परत. ते मी स्लो गाडीत करते, मुलुंड ते विक्रोळी. समोरच्या बाईला वाटत असेल मी जप करतेय. कंबरेच्या नसांना यंत्राने चेतना देण्याचाही उपाय आहे, त्याची किंमत ऐकून आम्ही विषय बदलला.

आणखी एक, ज्याबद्दल तर मोशन म्हणण्याइतकाही शब्द नाही. किरणांनी पाळी गेली, सेहेचाळिसाव्या वर्षी, एका महिन्यात. अंग पेटल्यासारखं व्हायचं आणि नवऱ्याच्या जवळ जायचं म्हटलं की दुखायचं. ओपीडीच्या कुठल्याच फॉर्मवर त्याचा प्रश्न नव्हता. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. वर्षभराने एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी पाच मिनिटांत क्रीम लिहून दिलं आणि म्हणाल्या, "आधी का नाही आलात?" पाळी गेली तेव्हा वाटलं होतं, निदान पर्समधलं पॅड तरी सुटलं. ते आजही आहे पर्समध्ये. दुसऱ्या कामासाठी.

गेल्या महिन्यात पुन्हा तो फॉर्म. नवी निवासी डॉक्टर, चोविशी-पंचविशीची, डोळ्यांखाली काळं. ओपीडीबाहेर बाक भरून माणसं भिंतीला टेकलेली. तिने भराभर विचारलं, मी भराभर सांगितलं. वारा, हो, आठवड्यातून एकदा तरी, 7. गळणं, क्वचित, 3. दिवसातून पाच-सहा वेळा, 2. तासाभरात पुन्हा, हो, 11. घाई, आता दर आठवड्याला नसते, पण असते, 11. बेरीज 34. तिने 'तीव्र'वर खूण केली. 41 लाही तिथेच खूण होती. मधल्या सात गुणांत माझी नोकरी आहे, गौरी आहेत आणि अख्खी मिसळ आहे, पण चौकोन तोच.

"काकू, घाई होते तेव्हा साधारण किती वेळ रोखता येतं?" हा प्रश्न फॉर्मवर नव्हता, तिने स्वतःहून विचारला. मी उत्तर देणार तेवढ्यात माझं लक्ष टेबलाखाली गेलं. तिचा उजवा पाय डाव्यावर आवळून बसला होता आणि टाच भराभर हलत होती. तो पाय मी ओळखते. चाळीच्या रांगेतला.

"डॉक्टर, तुम्ही शेवटच्या कधी गेला होतात?"

ती आधी गोंधळली, मग लाजून हसली. "सकाळी सहाला, होस्टेलवर. आठपासून ओपीडी ना. सवय आहे आम्हाला."

भिंतीवरचं घड्याळ दीडच्या पुढे गेलं होतं.

"जाऊन या आधी," मी म्हटलं. "मी थांबते."